डीसीसी इंजिनाचा वेग चढ-उतारावर सारखा ठेवायचा तर: कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

मॉडेल रेल्वे डीसीसीवर, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणाऱ्या पद्धतीवर, चालवताना हँडसेटवर आकडा तोच असतो, पण इंजिन चढावर रेंगाळतं आणि उतारावर सुसाट सुटतं. दोन इंजिनं जोडली की एक ओढतं, दुसरं अडवतं. लाल सिग्नलसमोर कधी वीतभर आधीच थांबतं, तर कधी सिग्नल मागे टाकून निघून जातं. या तक्रारी घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा डिकोडरला, म्हणजे इंजिनातल्या हुकूम वाचून मोटर चालवणाऱ्या छोट्या सर्किटला, दोष देतो आणि दुसरा, महागडा डिकोडर घ्यायच्या बेतात असतो. डिकोडर बिघडलेला असतो असं क्वचितच होतं. कामं उलट्या क्रमाने झालेली असतात: आधी वेगाचा तक्ता भरला, मग मोटरचं नियंत्रण जुळवायला घेतलं आणि रूळ पुसायचे राहूनच गेले.

नियंत्रणाचा एक आकडा बदलला की त्याआधी मोजलेला प्रत्येक वेग बाद होतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. मधल्या टप्प्यावर अडलात तर तिथेच थांबा, पुढच्या टप्प्याने मागची चूक झाकली जाणार नाही.

लेखातली उदाहरणं एचओ मापाची आहेत, म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिमी रूळ. ओओ किंवा एन मापाचं असेल तर फक्त मोजमापाच्या सूत्रातला गुणक बदलेल, तोही पुढे दिला आहे.

आधी एवढं समजून घ्या

डिकोडर मोटरला सलग वीज देत नाही, तुकड्यातुकड्याने देतो. मधल्या क्षणभराच्या खंडात फिरती मोटर स्वतःच जनित्रासारखी वागते आणि तिच्या टोकांवर थोडा व्होल्टेज तयार होतो. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. मोटर जितकी जोरात फिरेल तितका तो जास्त. डिकोडर हा व्होल्टेज वाचतो, तुम्ही मागितलेल्या वेगाशी ताडून पाहतो आणि वीज कमी-जास्त करतो. आपोआप वेग राखणं ते एवढंच.

पण बॅक ईएमएफवरून कळतात ते मोटरचे फेरे, रुळावरचा वेग नाही. चाक घसरत असेल तर मोटर मजेत फिरते आहे आणि गाडी जागच्या जागी आहे, हे डिकोडरला कळायला काही मार्ग नाही. यांत्रिक कामं आधी घ्यायची ती म्हणूनच.

जमवाजमव

मल्टिमीटर, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, मोजपट्टी, मास्किंग टेप, पाणसळ, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. मोजायला दोन मीटर सरळ, सपाट रूळ आणि त्याआधी अर्धा मीटर जास्तीचा. डिकोडरचं माहितीपत्रक छापून जवळ ठेवा, कारण काही सीव्ही (डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंगं) सगळ्या कंपन्यांत सारखे असतात आणि काही अजिबात नसतात. कमांड स्टेशन, म्हणजे हँडसेटचे हुकूम डीसीसी संकेतात बदलणारं यंत्र, संगणकाला जोडता येत असेल तर जेएमआरआय हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या डिकोडरप्रोमध्ये प्रत्येक इंजिनाचे सगळे सीव्ही जतन होतात. नाहीतर वही तरी हवीच. आकडे लक्षात राहतील असं समजणाऱ्यांना हे सगळं पुन्हा एकदा करावं लागतं.

१. इंजिन डिकोडरशिवाय चालवून पाहा

नवं इंजिन साध्या डीसीवर मध्यम वेगाने अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालवा. गिअरमधलं ग्रीस पसरतं, ब्रश बसतात. हे न करता वेग मोजला तर महिन्याभराने इंजिन मोकळं होतं आणि मोजलेलं सगळं बदलतं.

मग इंजिन उलटं करून चाकं बघा. धागा, केस, गालिच्याचा तंतू आसाला गुंडाळलेला असतो आणि तो चिमट्यानेच निघतो. रबरी टायर असलेलं चाक असेल तर टायर सैल किंवा चिरलेला नाही ना, ते पाहा. तेलाचा एक थेंब पुरतो. जास्त झालेलं तेल रुळावर येतं आणि चाक घसरायला लागतं.

आता मोटर अडवल्यावरचा प्रवाह मोजा. १२ व्होल्ट डीसी द्या, अँपिअरवर लावलेला मीटर मालिकेत जोडा, कापडाने फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचं जड चाक) क्षणभर धरून आकडा वाचा आणि लगेच सोडा. डिकोडरची सतत प्रवाह पेलायची क्षमता या आकड्यापेक्षा जास्त हवी. एचओचे बरेच डिकोडर एक अँपिअरच्या आसपासचे असतात. जुन्या इंजिनांची मोटर सहज त्यापुढे जाते.

तपासा: डीसीवर सर्वांत कमी वेगात इंजिन झटके न खाता चालतं का? दर फेऱ्याला एकाच ठिकाणी अडखळत असेल तर गिअरचा दात किंवा चाकांमधलं अंतर चुकलं आहे. बॅक ईएमएफ हा दोष काही दिवस लपवतो, बरा करत नाही.

२. रूळ आणि वीज

रूळ अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर लावू नका. त्याचे ओरखडे दिसत नाहीत, पण काजळी तिथेच धरते. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात हे काम जास्त वेळा करावं लागतं.

मीटर एसीवर लावून लेआउटच्या सर्वांत लांबच्या टोकाला व्होल्टेज वाचा. साधा मीटर डीसीसीचा खरा आकडा दाखवत नाही, पण तुलनेला पुरतो. बूस्टरजवळचा (बूस्टर म्हणजे रुळांना वीज पुरवणारं यंत्र) आणि टोकाचा आकडा यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर फिशप्लेटवर, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीवर, भरवसा ठेवून चालणार नाही. जाड वायर खालून फिरवा आणि दर मीटर-दोन मीटरवर रुळाला फाटा सोल्डर करा.

मग नाणं घ्या. वीज चालू ठेवून रुळांवर पाच रुपयांचं नाणं आडवं ठेवा. बूस्टरने लगेच वीज तोडली पाहिजे. ही चाचणी लेआउटच्या प्रत्येक भागात करायची. जिथे नाणं ठेवूनही वीज तुटत नाही, तिथे एक दिवस घसरलेला डबा नाण्याचं काम करेल आणि रुळाखालचा प्लास्टिकचा स्लीपर वितळेल.

३. डिकोडर जोडणी

डिकोडर जळण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे मोटरचं एक टोक अजूनही इंजिनाच्या सांगाड्याला, पर्यायाने रुळाला, जोडलेलं असणं. वीज लावली की पहिल्याच सेकंदाला डिकोडरमधला मोटर चालवणारा भाग जळतो.

वायरींचे रंग ठरलेले आहेत. लाल उजव्या रुळाकडे, काळी डाव्या रुळाकडे, नारिंगी आणि करडी मोटरच्या दोन टोकांना. निळी दिव्यांची सामाईक, पांढरी पुढच्या आणि पिवळी मागच्या दिव्याची. डिकोडरवर आवळनळी (गरम केली की आवळणारी प्लास्टिकची नळी) घाला, पण पूर्ण गुंडाळून ठेवू नका, त्याला गरम हवा बाहेर टाकायला जागा हवी.

तपासा: डिकोडर जोडण्याआधी मीटर बीपवर लावून एक टोक मोटरच्या ब्रशला आणि दुसरं प्रत्येक चाकाला लावा. एकदाही बीप वाजला तर थांबा.

पहिली वीज मुख्य लेआउटवर न देता प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे सीव्ही वाचण्या-लिहिण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर, द्या. तिथे प्रवाह मर्यादित असतो, त्यामुळे जोडणी चुकली तरी डिकोडर वाचण्याची शक्यता असते. इथे सीव्ही वाचता आला तर जोडणी बहुधा बरोबर आहे, कारण डिकोडर उत्तर देताना मोटरमधूनच क्षणभर प्रवाह ओढतो.

४. रीसेट, पत्ता आणि सीव्ही २९

कारखान्यातून प्रत्येक डिकोडर पत्ता ३ घेऊन येतो. बऱ्याच डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की सगळं मूळपदावर येतं. विकत घेतलेलं जुनं इंजिन असेल तर हे आधी कराच. मग पत्ता द्या.

सावध: प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर पत्ता बघितला जात नाही. तिथे दोन इंजिनं उभी असतील तर दोन्हींत तेच लिहिलं जातं.

सीव्ही २९ हा बेरजेचा आकडा आहे. वेगाच्या २८ किंवा १२८ पायऱ्यांसाठी २, साध्या डीसीवरही चालू द्यायचं असेल तर ४, रेलकॉमसाठी (डिकोडरने उलट माहिती पाठवायची सोय) ८, वेगाच्या तक्त्यासाठी १६, लांब पत्त्यासाठी ३२, दिशा उलटायची असेल तर १. यातला ४ बंद ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो चालू असला आणि डीसीसीचा संकेत कशाने तरी बिघडला, तर काही डिकोडर समोर साधी डीसी आहे असं समजतात आणि इंजिन पूर्ण वेगाने सुटतं. हँडसेटवरून काही केलं तरी ते ऐकत नाही. म्हणजे छोटा पत्ता असेल तर २, लांब पत्ता असेल तर ३४. रेलकॉम वापरत असाल तर त्यात ८ मिळवा.

वेग वाढवताना पुढचा दिवा लागतो-विझतो? मग कमांड स्टेशन आणि डिकोडर यांच्या पायऱ्या जुळत नाहीत, एक १४ वर आहे आणि दुसरा २८ वर.

शेवटी सीव्ही ३ आणि सीव्ही ४ दोन्ही शून्य करा. हे वेग चढण्या-उतरण्याचे सीव्ही आहेत. ते चालू ठेवून मोजायला बसलात तर इंजिन मोजपट्टीवर आलं तरी अजून वेग घेतच असतं.

५. वेग धरून ठेवणारं नियंत्रण जुळवणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा. थंड ग्रीसवर जुळवलेलं नियंत्रण गरम इंजिनाला आक्रमक पडतं.

ईएसयू कंपनीच्या चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या लोकपायलट व लोकसाउंड डिकोडरांत स्वयंचलित सोय आहे. सीव्ही ५४ मध्ये ० लिहायचं, इंजिन सरळ रुळावर ठेवायचं आणि हँडसेटवरचं एफ१ बटण दाबायचं. इंजिन जवळजवळ पूर्ण वेगाने सेकंद-दोन सेकंद धावतं आणि स्वतःचे आकडे स्वतः भरतं. समोर लांब मोकळा रूळ हवा, टेबलाची कड नको. झिमो कंपनीच्या डिकोडरांत सीव्ही ५६ हाताने जुळवायचा: दशमस्थानी एक गुणक, एककस्थानी दुसरा, मध्यम आकडा ५५.

कोणत्याही कंपनीचा डिकोडर असला तरी गुणक दोनच. पहिला, चूक दिसताच किती जोरात प्रतिक्रिया द्यायची. दुसरा, चूक टिकून राहिली तर किती चिकाटीने भरून काढायची. माहितीपत्रकात त्यांना पी किंवा के आणि आय म्हटलेलं असतं. कुठला कधी हलवायचा, ते इंजिनाकडे बघून आणि कान देऊन ठरतं:

- पहिल्या-दुसऱ्या पायरीवर इंजिन थरथरतं, मोटर गुरगुरते: पहिला गुणक जास्त आहे, कमी करा.
- इंजिन झुलतं, म्हणजे संथपणे वेग घेतं, सोडतं, पुन्हा घेतं: दुसरा गुणक जास्त आहे.
- चढाला लागलं की वेग पडतो आणि पडलेलाच राहतो: दुसरा गुणक कमी आहे.
- चढ लागताच वेग पडतो, मग सावकाश सावरतो: पहिला गुणक थोडा वाढवा.

एका वेळी एकच आकडा हलवा, तोही थोडाच. दोन्ही एकदम हलवणारा माणूस तासाभराने कुठून निघालो होतो तेच विसरतो.

चाचणीसाठी चढ हवा. घाटाचा लेआउट करणारे बरेचजण कर्जत-लोणावळा नजरेसमोर ठेवतात. तिथला १:३७ चढ म्हणजे दर मीटरला जवळपास २.७ सेंटिमीटर. सपाटीवर एक मीटर आणि चढावर एक मीटर टेपने आखा. नेहमीचे डबे जोडा. हँडसेट २० व्या पायरीवर (१२८ च्या व्यवस्थेत वेगाच्या प्रत्यक्ष पायऱ्या १२६) ठेवून दोन्हीकडे वेळ घ्या. सपाटीवर ज्या अंतराला २० सेकंद लागले, त्याला चढावर २१ लागले तर उत्तम. २४ लागले तर दुसऱ्या गुणकाला अजून वाव आहे.

तपासा: तोच उतार खाली येताना वेळ बराच कमी लागतो का? वीज कमी करून जेवढा वेग उतरेल तेवढाच डिकोडर उतरवू शकतो. डब्यांचं ओझं इंजिनाला ढकलत असेल तर गिअरचं घर्षणच ब्रेकचं काम करतं. वर्म गिअरची इंजिनं इथे बरी निभावतात.

६. कमाल वेग, किमान वेग, मधला वेग

मोजण्याचं सूत्र: एचओसाठी वेग (किमी/तास) = ३१३ × अंतर (मीटर) ÷ वेळ (सेकंद). ओओसाठी ३१३ च्या जागी २७४ आणि १:१६० च्या एनसाठी ५७६. दोन मीटर अंतर घेतलं की एचओला नुसतं ६२६ भागिले सेकंद. इंजिन पट्टीच्या अर्धा मीटर आधीपासून सुटलं पाहिजे.

जवळजवळ सगळे इथे सपाटीवर कमाल वेग ठरवतात. मग चढावर इंजिन मागे पडतं आणि पुन्हा नियंत्रणाचे गुणक हलवायला घेतात. गुणक बिचारे बरोबरच असतात. कमाल वेगात डिकोडर आधीच पूर्ण वीज देत असेल तर चढाला द्यायला त्याच्याकडे शिल्लक काहीच नसतं. आपोआप वेग राखायचा तर वरच्या टोकाला राखीव जागा सोडावी लागते.

म्हणून उलटीकडून या. सीव्ही ५ पूर्ण म्हणजे २५५ ठेवा. सर्वांत जड गाडी सर्वांत तीव्र चढावर पूर्ण थ्रॉटलने चालवा आणि वेग मोजा. समजा ११८ आला. तुमचा कमाल वेग याच्या खाली, म्हणजे १०५ वगैरे ठरवा. आता सपाटीवर मोजा. समजा दोन मीटरला ३.४४ सेकंद लागले, म्हणजे १८२. नवा सीव्ही ५ = २५५ × १०५ ÷ १८२, म्हणजे १४७. तो लिहा, पुन्हा मोजा, सहा सेकंदांच्या आसपास येईपर्यंत एकेक-दोनदोनने सरकवा. खरं डब्ल्यूएजी-९ ताशी १०० चं आणि डब्ल्यूएपी-७ ताशी १४० चं इंजिन आहे. मॉडेलमधलं डब्ल्यूएपी-७ घाटात १४० ने चढत नसेल तर मनाला लावून घेऊ नका, खरंही तिथे त्या वेगाने चढत नाही.

मग सीव्ही २. पहिल्या पायरीवर इंजिन जेमतेम हललं पाहिजे. ताशी तीन किमी पुरे. दोन मीटर मोजायला साडेतीन मिनिटं जातील, त्यामुळे २५ सेंमी घ्या आणि २६ सेकंद धरा. नियंत्रण नीट जुळलेलं असेल तर सीव्ही २ अगदी लहान राहतो. मोठा आकडा लागतोय असं दिसलं तर पाचव्या टप्प्यावर परत जा.

शेवटी सीव्ही ६, मधल्या म्हणजे ६३ व्या पायरीचा. तो मधोमध ठेवू नका. यार्डात आणि फलाटावर येताना कमी वेगातच बारकावा लागतो. १०५ कमाल असेल तर मधल्या पायरीला ४० ठेवा, म्हणजे दोन मीटरला साधारण साडेपंधरा सेकंद. वरच्या हिशोबाने सीव्ही ६ पंचावन्नच्या आसपास पडेल. तो सीव्ही २ पेक्षा मोठा आणि सीव्ही ५ पेक्षा लहानच हवा. काही नव्या डिकोडरांत सीव्ही ६ नसतोच, तिथे तक्ताच वापरावा लागतो.

तक्ता म्हणजे सीव्ही ६७ ते ९४, एकूण २८ आकडे. तीन बिंदूंनी काम भागत असेल तर त्याच्या नादी लागू नका. लागलात तर सीव्ही २९ मध्ये १६ मिळवायला विसरू नका. आणि एक लक्षात असू द्या: तक्ता चालू झाला की बऱ्याच डिकोडरांत सीव्ही २, ५ आणि ६ कडे दुर्लक्ष होतं. ‘सीव्ही ५ कितीही बदलला तरी फरक पडत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक हेच असतं.

७. पुढे आणि मागे सारखा वेग

तीच पट्टी, तीच पायरी, इंजिन उलट्या दिशेने. काही मोटरी एका दिशेला मंद असतात. सीव्ही ६६ पुढच्या आणि सीव्ही ९५ मागच्या दिशेचा गुणक, १२८ म्हणजे बदल नाही. जास्त वेगाची दिशा खाली आणा, मंद दिशेला वर ढकलू नका, नाहीतर नुकतीच सोडलेली राखीव जागा संपते. काही डिकोडर हे दोन सीव्ही तक्ता चालू असतानाच मानतात.

८. दोन इंजिनं आणि बँकर

ज्याला कुणी हात लावणार नाही असं एक इंजिन प्रमाण माना आणि बाकीची त्याच्याशी जुळवा. आधी सगळ्यांत मंद इंजिन शोधा आणि प्रमाण तेच ठेवा.

दोन्ही इंजिनं जोडल्याशिवाय, मध्ये ३० सेंमी अंतर ठेवून, एकाच गोल मार्गावर सोडा. सीव्ही १९ मध्ये दोघांना एकच जोडपत्ता द्या. एखादं उलटं तोंड करून जोडायचं असेल तर त्याच्या पत्त्यात १२८ मिळवा. अंतर वाढतं की घटतं ते कमी, मधल्या आणि वरच्या वेगात बघा. एका फेरीत वीतभर फरक चालतो, कपलिंगची ढील तो खाऊन टाकते. त्याहून जास्त असेल तर दोघांची नियंत्रणं एकमेकांशी झगडतात: प्रत्येक जण आपलाच वेग खरा धरून चालतो आणि चाकं घसरतात. काही डिकोडरांत सीव्ही १० ने ठरावीक पायरीच्या वर नियंत्रण सैल करता येतं, जोडीसाठी ते कामाचं आहे.

घाटात मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारं जादा इंजिन, लावत असाल तर बँकर किंचित मंद ठेवा. तो वरचढ झाला तर मधले हलके डबे वळणावर उचलून बाहेर पडतात, आणि कायम बोगद्याच्या आतच पडतात.

९. आता सीव्ही ३ आणि ४

मानकाप्रमाणे शून्यापासून कमाल वेगापर्यंत जायला सीव्हीच्या आकड्याच्या साधारण ०.९ पट सेकंद लागतात. म्हणजे १० लिहिलं तर नऊ सेकंद. काही कंपन्यांचा गुणक वेगळा आहे, तेव्हा माहितीपत्रक बघा. जोडीतल्या इंजिनांना दोन्ही आकडे असे द्या की घड्याळात वेळ सारखी येईल. सीव्हीत आकडा एकच असला म्हणजे वेळही एकच, असं नाही.

१०. लाल सिग्नलसमोर आपोआप थांबणं

साधी आणि स्वस्त पद्धत म्हणजे असमतोल डीसीसी, जिला एबीसी म्हणतात. सिग्नलआधीच्या भागातला एक रूळ दोन्ही टोकांना कापायचा आणि त्या तुकड्याला वीज डायोडमधून द्यायची: चार डायोड एका दिशेने मालिकेत, आणि त्यांना समांतर एक डायोड उलट्या दिशेने. एका बाजूला सुमारे २.८ व्होल्ट पडतात, दुसऱ्या बाजूला ०.७. हा दोन व्होल्टचा असमतोल डिकोडर ओळखतो आणि इंजिन थांबवतो. सिग्नल हिरवा झाला की रिलेने डायोड बाजूला टाकायचे. डायोड तीन अँपिअरचे घ्या.

डिकोडरमध्ये सीव्ही २७: उजवा रूळ जास्त धन असेल तर थांबायचं तर १, डावा असेल तर २. तुकडा प्रवासाच्या दिशेने उजव्या हाताच्या रुळात काढा आणि सगळ्या इंजिनांत १ लिहा. उलट्या दिशेने येणारी गाडी मग न थांबता निघून जाते, आणि ते हवंच असतं. थांबत नाही म्हणून सीव्ही २७ मध्ये ३ लिहून मोकळे होणारे आहेत. त्याने गाडी दोन्ही दिशांना थांबते. आधी डायोडांची दिशा उलटून बघा.

थांबण्याचं अंतर हा इथला खरा घोळ. सीव्ही ४ वेग उतरण्याचा दर ठरवतो, अंतर नाही. ८० ने आलेलं इंजिन १२० सेंटिमीटरमध्ये थांबत असेल तर ४० ने आलेलं ३० मध्येच थांबेल, सिग्नलच्या कितीतरी आधी. यावर बऱ्याच चांगल्या डिकोडरांत ठरावीक अंतरात थांबण्याची सोय असते. तिचा सीव्ही कंपनीगणिक वेगळा आहे. ती चालू करा, एक अंतर ठरवा, २०, ४० आणि ८० अशा तीन वेगांनी गाडी आणा आणि कुठे थांबते तिथे टेप लावा. तिन्ही टेप पाच सेंटिमीटरच्या आत आल्या पाहिजेत. येत नसतील तर वेग नीट धरला जात नाही किंवा चाक घसरतंय.

तुकड्याची लांबी: थांबण्याचं अंतर, अधिक सर्वांत लांब इंजिन, अधिक थोडी सूट. डब्ल्यूएपी-७ एचओत साधारण २४ सेंटिमीटरचं. ८० सेंटिमीटरमध्ये थांबवायचं असेल तर १२० चा तुकडा ठेवा.

सावध: जोडी चालवत असाल तर पुढचं इंजिन तुकड्यात शिरून थांबायला लागतं, मागचं मात्र अजून बाहेर असतं आणि ढकलतच राहतं. जोडीसाठी एबीसी वापरू नका, संगणकावरून थांबवा. तसंच दिव्यांच्या डब्यांची चाकं कापलेल्या जागेवरून जाताना दोन्ही बाजू क्षणभर जोडतात आणि असमतोल नाहीसा होतो. गाडी थांबता थांबता पुन्हा पुढे सरकते ती यामुळे.

११. संपर्क तुटला तर

सगळं जुळल्यावर मुद्दाम बिघडवून बघा. गाडी ४० ने चालू असताना बिनतारी हँडसेटची बॅटरी काढा. मोबाइलवरून चालवत असाल तर वाय-फाय बंद करा. जेएमआरआयमध्ये मोबाइलचा संपर्क गेल्यावर काही सेकंदांनी गाडी थांबवायची सोय आहे, ती चालू ठेवा. डिकोडरच्या सीव्ही ११ मध्ये संकेत येईनासा झाला तर किती वेळाने थांबायचं ते ठरतं. तो ० असेल तर इंजिन शेवटचा हुकूम धरून चालतच राहतं.

मग बूस्टरची वीज तोडा. इंजिनात वीज साठवणारा कपॅसिटर असेल तर ते लगेच थांबणार नाही, काही सेकंद पुढे जाईल. मळक्या रुळावर हाच कपॅसिटर उपयोगी पडतो, पण आणीबाणीत वीज तोडणं हा थांबवायचा भरवशाचा मार्ग राहत नाही. आणीबाणीचं बटण कोणतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. वीज बंद करण्याचा स्विच त्याला पर्याय नाही.

पुन्हा कधी मोजायचं

रबरी टायर बदलला, गिअर उघडून ग्रीस बदललं किंवा डिकोडरचं फर्मवेअर बदललं की पाचव्या टप्प्यापासून सगळं पुन्हा. कमांड स्टेशन किंवा बूस्टर बदलला तर रुळावरचा व्होल्टेज आधी बघा. तो तोच असेल तर सहाव्या टप्प्यातलं कमाल वेगाचं एक मोजमाप घ्या. जुळलं तर पुढे काही करायची गरज नाही. प्रत्येक इंजिनाच्या वहीच्या पानावर तारीख, तिन्ही वेगांना मोजलेल्या वेळा आणि टोकाचा व्होल्टेज एवढं लिहिलेलं असलं, तर ही तपासणी दहा मिनिटांत उरकते.